१८ जणांच्या जेवणातला रंगीत फ्राइड राइस: एक प्रकरण अभ्यास

सुट्टीच्या दिवशी घरी १८ माणसं जेवायला आणि मुख्य पदार्थ रंगीत फ्राइड राइस, असा माझ्या मावशीचा बेत होता. दोघा-तिघांपुरता हा पदार्थ तिच्या हातचा फार सुरेख होतो. मटार हिरवेगार, गाजर केशरी, मका पिवळा आणि भाताचं शीत न् शीत सुटं. आदल्या वर्षीच्या सुट्टीला तीच कृती तिने सहापट करून केली, तर पातेल्यात तपकिरी गिचका तयार झाला होता. पाहुणे जेवले आणि चवीला नावं कुणी ठेवली नाहीत, पण मावशीला ते लागलं होतं. तिने बाजारातून रंग बघून बघून भाज्या आणल्या होत्या आणि ताटात त्यातला एकही रंग धड उरला नव्हता.

या वर्षी ती म्हणाली, "अगं, या वेळी भाज्या निम्म्याच घालते, म्हणजे पाणी सुटणार नाही." तिथे मी तिला थांबवलं. भाज्या कमी केल्या तर रंगही कमी होणार आणि मूळ दोष जागच्या जागी राहणार. छोट्या प्रमाणात जमणारी कृती मोठ्या प्रमाणात का फसते, हे आधी नीट शोधायला हवं होतं.

आदल्या वर्षी काय झालं होतं

तिला आठवेल तसं मी क्रमाने विचारत गेले. सकाळी तांदूळ शिजवला आणि भात गरम असतानाच वापरला. फरसबी, मटार, गाजर, मका, लाल आणि हिरवी ढोबळी मिरची, जांभळा कोबी असं सगळं चिरून तयार होतं. सर्वांत मोठं जाड बुडाचं पातेलं घेतलं, तेलात आलं-लसूण परतलं, सगळ्या भाज्या एकदम टाकल्या, त्यावर भात, त्यावर अंडी, मग गडद सोया सॉस आणि व्हिनेगर. पाहुण्यांना यायला उशीर झाला म्हणून झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास तसंच ठेवलं.

यातली एकही गोष्ट मावशीने निष्काळजीपणे केलेली नव्हती. दोघांपुरत्या कढईत यातलं बहुतेक सगळं खपून जातं. माणसं १८ झाली की खपत नाही.

खरी अडचण पाण्याची

मोठ्या प्रमाणाचा हिशोब मांडून पाहिला की चित्र स्पष्ट होतं. जेवणात इतर पदार्थ असतील तर माणशी ७५ ग्रॅम तांदूळ पुरतो, म्हणजे १८ जणांना साधारण १.४ किलो. शिजल्यावर त्याचा पावणेचार किलोच्या आसपास भात होतो. त्यात निम्म्या वजनाच्या भाज्या धरल्या तर एकूण साडेपाच किलोंच्या वर जातं. हे सगळं एका पातेल्यात, एका बर्नरवर.

घरगुती शेगडीचा मोठा बर्नर २ ते ३ किलोवॉटचा असतो आणि त्यातली जेमतेम निम्मी उष्णता भांड्यात पोचते. सोयीसाठी १ किलोवॉट धरू. १०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला २२६ किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे बर्नरची पावणेचार मिनिटांची पूर्ण ताकद फक्त तेवढं पाणी उडवण्यात खर्च होते. भाज्यांमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पावणेदोन किलो भाज्या एकदम पडल्या आणि त्यांनी पाव किलो पाणी जरी सोडलं, तरी दहा मिनिटं बर्नर फक्त पाण्याशी झगडत राहतो. तोवर पातेल्यातलं तापमान १०० अंशांच्या वर जातच नाही. परतण्याऐवजी पदार्थ स्वतःच्याच वाफेत शिजत राहतो, भात ते पाणी शोषून मऊ पडतो आणि सारखं ढवळल्याने शितं मोडतात. मोडक्या शितांतून सुटलेला स्टार्च बाकीच्या शितांना चिकटवतो. गिचका होतो तो असा.

व्यावसायिक स्वयंपाकघरात बर्नर घरच्यापेक्षा कित्येक पट जोरदार असतो, शिवाय आचारी कढई सतत उडवत असतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या हंगटँग को आणि डेव्हिड हू यांनी २०२० मध्ये या उडवण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात आचारी सेकंदाला जवळजवळ तीनदा कढई हलवताना दिसले. शितं हवेत जातात, क्षणभर थंड होतात, वाफ टाकतात आणि परत तापलेल्या लोखंडावर येतात, म्हणून करपत नाहीत. पाच किलोंच्या पातेल्यात कालथा फिरवून हे साधणं शक्य नाही, आणि घरी ते साधायची गरजही नाही. घरी उपाय एकच: छोटे छोटे घाणे. कढई घरचीच, बर्नर घरचाच, पण एका वेळी तेवढंच पडेल जेवढ्याचं पाणी तो बर्नर झपाट्याने उडवू शकेल.

मावशीला हे पटायला वेळ लागला. सात वेळा तेच करायचं म्हणजे पाहुणे जेवायला बसले तरी ती शेगडीपाशीच, अशी तिची भीती होती. तिची ही शंका रास्त होती. तिचं उत्तर पुढे येईल.

प्रत्येक रंगाचा स्वभाव वेगळा

रंग टिकवायचा तर तो कशाने जातो हे माहीत हवं. या भागावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सार्थकी लागला असं मला मनापासून वाटतं.

केशरी, पिवळा आणि लाल हे रंग भरवशाचे. गाजर, मका, लाल आणि पिवळी ढोबळी मिरची यांचे रंग कॅरोटिनॉइड गटातले. ते पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात, आणि परतण्याच्या उष्णतेने सहसा जात नाहीत. गाजर तेलात परतलं की तेलाला हलकी केशरी झाक येते आणि तीच भाताला लागते. ती छानच दिसते. या भाज्यांबद्दल काळजी फक्त पाण्याची, रंगाची नाही.

हिरव्याचं तसं नाही. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा अणू असतो. भाजी तापली की पेशी फुटतात, आतली आम्लं बाहेर येतात आणि मॅग्नेशियमच्या जागी हायड्रोजन येऊन बसतो. मग हिरव्याचा शेवाळी-तपकिरी होतो. पाच ते सात मिनिटांच्या उष्णतेत हा बदल डोळ्यांना दिसायला लागतो. झाकण ठेवलं की वाफेबरोबर निघून जाऊ शकणारी आम्लंही परत भांड्यात ठिबकतात. व्हिनेगर आणि सोया सॉस हे दोन्ही आम्लधर्मी, त्यामुळे तेही त्यात भर घालतात. आदल्या वर्षी मटार आणि फरसबीने आम्लात, झाकणाखाली, पाऊण तास काढला होता. त्यांचा रंग गेला यात नवल काहीच नाही.

म्हणून हिरव्या भाज्या वेगळ्या केल्या. भरपूर उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता, फरसबी दोन मिनिटं आणि मटार एक मिनिट, मग लगेच बर्फाच्या पाण्यात. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, पण ती सर्वांत महत्त्वाची आहे: चाळणीत निथळून, स्वच्छ पंच्यावर पसरून, पूर्ण कोरड्या करणं. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला तर हिरवा आणखी उठतो हे खरं, पण भाजी लिबलिबीत होते, म्हणून मी तो टाकू दिला नाही. हिरवी ढोबळी मिरची यादीतूनच काढली. तिचंही हरितद्रव्यच, आणि लाल-पिवळीच्या शेजारी परतत राहिली की तीच सगळ्यात आधी मळकट दिसू लागते.

जांभळा कोबी हा या प्रकरणातला सगळ्यात गमतीदार धागा. मावशी म्हणाली होती, "अंड्याचे तुकडे कसे निळसर-हिरवे झाले होते बघ, मला वाटलं अंडीच खराब निघाली." अंडी ठीक होती. जांभळ्या कोबीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य पाण्यात विरघळतं आणि आम्लता बदलली की रंग बदलतं. आम्लात ते गुलाबी-लाल, मध्यावर जांभळं-निळं आणि अल्कलीत, म्हणजे आम्लाच्या उलट टोकाला, हिरव्याकडे झुकतं. अंड्याचा पांढरा भाग अल्कधर्मी असतो आणि अंडं जुनं होत जाईल तसा तो जास्तच अल्कधर्मी होतो. कोबीचा रस अंड्याला लागला आणि अंडं हिरवंनिळं दिसू लागलं. उरलेला रस भातात मुरून भात राखाडी झाला.

हा कोबी टाकून द्यावा असं मला मुळीच वाटत नव्हतं, कारण ताटात त्याच्याइतका उठावदार रंग दुसरा नाही. तो फक्त कढईत जाता कामा नये. केसासारखा बारीक चिरून, मीठ आणि लिंबाचा रस चोळून ठेवला की पाच-दहा मिनिटांत तो झगझगीत गुलाबी होतो. तो पिळून, वाढताना वरून घालायचा. बिटाचा विचार मावशीच्या मनात होता, तो मात्र आम्ही सोडून दिला. बिटाचा रंग पाण्यातून पसरतो आणि एकदा भातात पडलं की ताटात फक्त गुलाबीच उरतो.

राहिला गडद सोया सॉस. रंगीत फ्राइड राइस हवा असेल तर तो बाटलीतच राहू द्यावा असं माझं ठाम मत आहे. चीनमधल्या यांगझोऊ शहराच्या नावाने ओळखला जाणारा फ्राइड राइस बघा. अंडं, कोळंबी, हॅम, मटार, पातीचा कांदा, आणि चवीला मुख्यतः मीठ. भात फिकट राहतो म्हणूनच बाकीचे रंग उठून दिसतात. पांढरा हाही या ताटातला एक रंग आहे आणि सगळे जण तोच आधी घालवून बसतात. आम्ही दर घाण्याला दोन चमचे फिकट सोया सॉस आणि बाकी मीठ असं ठरवलं. व्हिनेगर काढून टाकलं, आंबटपणाला कोबीवरचं लिंबू होतंच.

चिरण्याबद्दल एकच सांगते. सगळ्या भाज्यांचे तुकडे मटाराच्या आकाराचे ठेवले. एकसारखे तुकडे एकाच वेळात शिजतात आणि नजरेलाही प्रत्येक रंग वेगळा ओळखू येतो.

भात आदल्या रात्री, पण ओट्यावर नाही

इथे आमचा खरा वाद झाला. मावशी म्हणाली, "भात आदल्या रात्री करून ओट्यावर जाळीखाली ठेवते. वाऱ्याने छान फडफडीत होतो. इतकी वर्षं असंच करतेय, कुणाला काही झालं नाही."

भात आदल्या रात्री करायचा, हे तिचं बरोबर होतं. शिजलेला भात थंड झाला की त्यातला स्टार्च, विशेषतः ॲमायलोज, पुन्हा घट्ट बांधला जातो. शीत टणक होतं आणि कढईत सुटं राहतं. लांब दाण्याच्या तांदळात ॲमायलोज जास्त असतं, म्हणून फ्राइड राइसला तो बरा. आणि स्टार्चचं हे घट्ट होणं खोलीपेक्षा फ्रीजच्या थंडीत जास्त वेगाने होतं.

ओट्यावर ठेवणं मात्र मला मान्य नव्हतं. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्याने मरत नाहीत. भात ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधे तासन्‌तास राहिला की ते रुजतात, वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करू शकतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कितीही कडकडीत परतलं तरी ते जात नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये या उलट्यांचा संबंध पहिल्यांदा लावला गेला तो फ्राइड राइसशीच. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहिलेला असायचा. १८ जणांच्या जेवणात लहान मुलं आहेत, वयस्कर माणसं आहेत. तिथे "आजवर काही झालं नाही" एवढ्या भरवशावर राहता येत नाही. मी हे तिला शांतपणे पण स्पष्ट सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "बरं, मग फ्रीजमध्ये जागा कर."

तांदूळ तीन-चारदा धुऊन अर्धा तास भिजवला. भरपूर पाण्यात शिजवून, कणी जेमतेम मोडेल अशा वेळी वेळून काढला. रात्री आठला भात तयार झाला. चार मोठ्या ताटांत बोटभर जाडीचा थर पसरला आणि पंखा लावला. जाड ढिगाच्या मध्यभागी उष्णता तासन्‌तास कोंडून राहते, पातळ थरात राहत नाही. शिवाय गरम भाताची वाफ निघून जाताना वरचं पाणीही घेऊन जाते, म्हणजे मावशीला वाऱ्यावर ठेवून जे हवं होतं ते इथेही मिळालं. तासाभरात ताटं फ्रीजमध्ये गेली, पूर्ण गार झाल्यावर त्यांच्यावर झाकण घातलं. शिजवलेला भात तासाभरात गार करावा, फ्रीजमध्ये एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नये आणि एकदाच गरम करावा, असा ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेचा सल्ला आहे. आम्ही तोच पाळला.

प्रत्यक्ष दिवस

सकाळी भाज्या चिरून, कोरड्या करून, रंगांप्रमाणे वेगवेगळ्या वाडग्यांत लावल्या. थंड भात हाताला तेलाचं बोट लावून मोकळा केला. हे फ्रीजमधून काढल्या काढल्या करावं. कढईत गठ्ठे फोडायला गेलं की शितं मोडतात. मग भात सात समान वाट्यांत वाटला, प्रत्येक वाटा साधारण साडेपाचशे ग्रॅमचा. त्याच्या जोडीला २६० ग्रॅम भाज्या.

पाहुण्यांपैकी पाच जण अंडं खात नव्हते. त्यांच्यासाठी पहिले दोन घाणे बिनअंड्याचे केले आणि वेगळ्या भांड्यात काढले. नंतर केले असते तर कढई मधेच घासावी लागली असती. अंडी आधीच, दर घाण्याला तीन या हिशोबाने, मध्यम आचेवर हलकी सेट करून बाजूला ठेवली. ओलसर कच्चं अंडं भातावर ओतलं की ते शितांना पिवळट लेप देतं. काहींना ते आवडतं, पण त्यात अंड्याचा वेगळा रंग हरवतो.

एक घाणा असा झाला. कढई रिकामीच तापवली, मग दोन मोठे चमचे तेल. तेल हलवल्यावर पाण्यासारखं पातळ पळायला लागलं की आलं-लसूण, जेमतेम दहा सेकंद. मग गाजर एक मिनिट, त्यावर ढोबळी मिरची आणि मका अर्धं मिनिट. या वेळी कान द्यायचा. तडतड चालू आहे तोवर परतणं चालू आहे. आवाज बसून नुसती फसफस ऐकू आली की पाणी साठलं. तडतड चालू असतानाच भात घातला, पसरला आणि अर्धं मिनिट हातही लावला नाही. मग कालथ्याने खालून उचलून वर, असं दोन मिनिटं. सोया सॉस भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेने सोडला, त्याचं पाणी तिथेच उडतं आणि खमंग वास उठतो. भात मधोमध वाफाळता झाला की मीठ, मिरपूड आणि अंडं. मटार, फरसबी आणि कांद्याची पात आच बंद केल्यावर, फक्त उलटसुलट करण्यापुरती. एकूण पाच मिनिटं.

मावशीच्या शंकेचं उत्तर इथे मिळालं. दोन बर्नर, दोन कढया. एक तिच्याकडे, एक माझ्या मावसभावाकडे. सहा घाणे पंधरा मिनिटांत झाले आणि ती सगळ्यांच्या बरोबरीने जेवायला बसली. झालेला भात पसरट भांड्यात, गरम पाण्याच्या परातीवर, तोंडावर सुती कापड टाकून ठेवला. कापड वाफ शोषून घेतं, झाकण ती परत भातावर गाळतं.

वाढताना बाजूने गुलाबी कोबी ठेवला. मटार शेवटच्या ताटापर्यंत हिरवे होते. "यात रंग घातलाय का गं?" असं एका पाहुणीने विचारलं तेव्हा मावशीने तिला हरितद्रव्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि मला फार बरं वाटलं.

दोन गोष्टी राहिल्या. चौथ्या घाण्यापासून भातात काळे ठिपके दिसू लागले. कढईच्या बुडाला चिकटलेला लसूण पुढच्या घाण्यात करपत होता. दर घाण्यानंतर कढई कोरड्या कापडाने पुसली की ते टळतं. त्याला दहा सेकंदही लागत नाहीत. दुसरी गोष्ट मक्याची. तो गोठवलेला होता, वरून कोरडा वाटला तरी कढईत पाणी सोडत होता आणि नेमका तेव्हाच आवाज बसत होता. गोठवलेला मका रात्रभर फ्रीजमध्ये चाळणीत निथळत ठेवायला हवा.

सातवा वाटा आम्ही मुद्दाम परतला नव्हता. एकदा गरम केलेला भात पुन्हा थंड करून पुन्हा गरम करायचा नाही, म्हणून शेवटचा वाटा कुणी आणखी मागितला तरच करायचा असं ठरलं होतं. तो लागला नाही, फ्रीजमध्येच राहिला. भात आदल्या रात्री आठचा, म्हणून संध्याकाळी सातला मावशीने तो घरच्यांसाठी परतला, उरलेले सगळे मटार घालून.